बाटलीतलं सार

मिक्सरच्या झाकणावर दोन्ही तळवे दाबून महिपत उभा होता. पहिल्याच दिवशी झाकण उडालं होतं आणि भिंत, कॅलेंडर, त्याचा खाकी शर्ट, सगळ्यांवर लाल शिंतोडे बसले होते. तेव्हापासून भांडं फिरत असेपर्यंत तो श्वाससुद्धा जपून घेई. अठ्ठावीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस, आंबेनळीच्या घाटात समोरून ट्रक आला तरी ज्याची भुवई हलत नसे, तो या वीतभर यंत्राला भीत होता.

"बास की आता," मागून शकू म्हणाली. "गाडी तापल्यागत वास येतोय."

"खजूर राहतो गो तळाला."

"राहू दे. चावून खाईन."

त्याने बटण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि मगच झाकण काढलं. बीट, सात-आठ स्ट्रॉबेरी, एक संत्रं, दोन खजूर आणि अर्धी वाटी पाणी. दूध नाही, कारण दुधाबरोबर लोह अंगी लागत नाही, असं पनवेलला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, फोनवर तीनदा बजावलं होतं. कृती तिचीच. तिचा आवाज मोबाइलवर साठवून ठेवलेला होता आणि सुरुवातीचे चार दिवस महिपतने तो समोर लावून, एकेक फोड मोजून टाकली होती. या पेयाला ती स्मूदी म्हणाली. महिपतला ते "सुमती" ऐकू आलं आणि तेच तोंडात बसलं. मग डेपोत कुणाकडून तरी ते फुटलं, आणि त्याच्या गाडीचा कंडक्टर राजेंद्र रोज भरल्या गाडीत घंटी मारता मारता विचारू लागला, "काय दादा, सुमती कशी हाय?" नवे प्रवासी चमकून ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत.

ग्लास काठोकाठ भरून त्याने शकूपुढे ठेवला. ती ओट्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांखालची कातडी अजूनही जुन्या कागदासारखी पिवळट दिसत होती. गर्भाशयाच्या पिशवीत गाठी होत्या. महिन्याचे चार दिवस आता दहा-बारा दिवस चालत, आणि त्या दिवसांत ती भिंतीला धरून चालायची. पिशवी काढायची हे ठरलं होतं. अडलं होतं ते रक्तावर. महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिमोग्लोबिन आठ आहे, दहाच्या आसपास आणा, मग तारीख देते. गोळ्या चालू ठेवा आणि खायला घाला. त्याला तीन आठवडे झाले होते. उद्या तपासायचं होतं. उद्या आकडा आला नाही तर तारीख पुढे जाणार, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त जाणार, आणि मग आकडा आणखी खाली. हा हिशेब महिपत गिअर बदलताना, जेवताना, अंथरुणावर कुशी बदलताना करत असे आणि दर वेळी तो त्याच घाणेरड्या ठिकाणी येऊन थांबे.

"पी."

"पिते. तुमी दाढी करून घ्या आधी. सात वाजायला आले."

गॅसवर सार उकळत होतं. आमसुलाचं पातळ सार, जिरं, मीठ, एक हिरवी मिरची. उन्हाळा सुरू झाला की महिपतच्या डब्याबरोबर ते स्टीलच्या बाटलीतून जाई. त्याने सहज चमचा बुडवला, घोट घेतला आणि तोच चमचा पुन्हा पातेल्यात घालणार तोच शकूने त्याचं मनगट धरलं.

"उष्टा चमचा नका बुडवू! वाटेला जायचंय ते."

"माझंच उष्टं, मीच पिणार."

"तरी नाय. उष्टं वाटेला लावत नायत. माझी आय असती तर अख्खं पातेलं ओतलं असतं तिनं."

तिचे असे कायदे पुष्कळ होते. विहारातल्या महिला मंडळाची ती खजिनदार, पोथ्यापुराणं आणि शकुन-अपशकुन यांना तिने घराबाहेर काढून बरीच वर्षं झाली होती. पण नवऱ्याला वाढल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि उष्टं डब्यात घालायचं नाही, हे दोन तिच्या हाडात होते. पहिल्यावरून आम्रपाली तिच्याशी कडाकडा भांडायची. शकू ऐकून घ्यायची, आणि ताट पुन्हा त्याच्याच पुढे आधी सरकवायची.

"आज मोठी बाटली भर," महिपत म्हणाला. "उष्णता झालीय फार."

एवढं बोलून तो मोरीत गेला आणि कडी लावली.

कडी लावायची त्याला हल्ली घाई असे. गेले दहा-बारा दिवस मोरीत जे दिसत होतं ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. लघवी लाल होत होती. पहिल्यांदा दिसली ती महाबळेश्वरच्या स्टँडवर, परतीच्या फेरीआधी. त्याला वाटलं, उजेडाचा भास असेल. घरी आल्यावर पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, आणि त्याची भीती नेमकी तीच होती. त्याच्या थोरल्या भावाचं, गणूदादाचं, असंच सुरू झालं होतं. त्यालाही दुखत नव्हतं. तो हसत म्हणाला होता, "महिपत, मी गेरू मुतायला लागलो रे." आठव्या महिन्यात तो गेला.

शकूला सांगायचं? सांगितलं असतं तर ती त्याच पावली म्हणाली असती, आधी तुमचं बघू, माझं काय, चाललंय तसं चालेल. मग पिशवी राहिली, रक्त राहिलं, सगळंच राहिलं. तेव्हा त्याने ठरवून टाकलं होतं: हिचं ऑपरेशन होईतो तोंडात मूग. मग आपलं काय ते. बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी असे, आणि गुरुवारी सकाळी रंग जरा निवळलेला असे. त्यावरून त्याने आपलं आपण निदान केलं होतं की ही इंजिनाची उष्णता. ड्रायव्हरच्या पायाशी भट्टी असते, ती अंगात शिरते. उष्णतेला आमसूल. म्हणून त्याने अर्ध्या लिटरची बाटली बदलून एक लिटरची घेतली होती. आणि रंग आणखीच गडद होत चालला होता.

तो बाहेर आला तेव्हा ग्लास धुऊन उपडा घातलेला होता.

"प्यालीस सगळं?"

"दिसतोय ना ग्लास."

तिने डबा आणि बाटली पिशवीत ठेवून पिशवी त्याच्या हाताला लावली. बाटली जड होती.

त्या दिवशी घाटात त्याचं लक्ष नव्हतं. गाडी आपोआप वळणं घेत होती, त्याचे हात म्हातारे होऊनही शहाणे होते, पण मन उद्याच्या आकड्यात आणि मोरीच्या कडीत अडकलं होतं. महाबळेश्वरला पोचल्यावर राजेंद्र शेजारी येऊन बसला. महिपतने डबा उघडला, बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली.

"बघू जरा," राजेंद्रने हात पुढे केला. एक घोट घेऊन त्याने ओठ चाटले. "वहिनी सारात गूळ घालतात काय? जाडं पण लागतं."

"यंदाची आमसुलंच तशी हायत. गोडसर."

"आमच्याकडची आंबट नुसती. दात आंबतात."

"झाडाझाडावर असतं ते," महिपत म्हणाला आणि उरलेली बाटलीही संपवली.

तासाभराने स्टँडच्या मुतारीत तो बराच वेळ उभा राहिला. बाहेर राजेंद्र हॉर्न वाजवत होता. परतताना रस्त्याकडेच्या बाईकडून त्याने स्ट्रॉबेरीचे दोन खोके घेतले, रोज एक घेई तिथे दोन, जणू एका रात्रीत दुप्पट रक्त होणार होतं.

बुधवारी सकाळी तो तिला मोटरसायकलवर मागे बसवून महाडला गेला. दवाखान्याखालीच तपासणीची लॅब होती. शकूने दंड पुढे केला, सुई टोचली तेव्हा तोंड फिरवून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने कागद मिळाला. आठ पूर्णांक पाच.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला.

"तीन आठवड्यांत निदान एक तरी वाढायला हवं होतं. गोळ्या घेताय?"

"घेते की."

"रोज?"

"एखाद्या दिवशी मळमळतं. पण घेते."

"आणि ते बीटाचं?"

"रोज करतो मी, मॅडम," महिपत मध्येच बोलला. त्याचा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "माझ्या हातानं. एक दिवस चुकलेलो नाय."

शकू पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस आणखी बघू. गोळी बदलून देते. नाही वाढलं तर रक्त चढवून करू, पण आता लांबवायचं नाही."

शकू औषधाच्या दुकानाकडे वळली. महिपत म्हणाला, गाडी लावलीय तिथं बघून येतो, आणि उलट्या पावली लॅबमध्ये शिरला. माणसाचा धीर सुटतो तो असा, भलत्याच क्षणी. तिच्या आकड्याने त्याची होती नव्हती ती ताकद काढून घेतली होती. काउंटरवरच्या मुलीपुढे वाकून तो कुजबुजला, "माझी एक तपासायची हाय. लघवी. लाल जाते." मुलीने तोंडही वर न करता त्याच्या हातात प्लॅस्टिकची डबी दिली.

वीस मिनिटं. बाहेर बाकावर शकू गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन त्याची वाट बघत होती आणि तो आत भिंतीला पाठ टेकून उभा होता. गणूदादाचा चेहरा त्याला आठवायचा नव्हता, तरी आठवत होता. आपण गेलो तर हिचं ऑपरेशन कोण करवून घेईल? आम्रपाली घेईल. पण रोज सकाळी झाकण कोण दाबून धरील?

"महिपत जाधव?"

तो पुढे झाला.

"रक्त नाहीये यात," मुलगी म्हणाली. "एक पेशी नाही. सगळं व्यवस्थित आहे."

"मग लाल?"

"रंग आहे तो. बीटाचा. काही जणांना होतं असं, बीट खाल्लं की. घाबरू नका, दोन दिवस बंद करा, आपोआप जाईल."

"पण मी बीट खात नाय."

"काका, खाताय तुम्ही."

"नाय हो. मला वासच चालत नाय त्याचा. मातीचा वास येतो. आमच्या घरात बीट ती पिते, बाहेर बसलीय ना, ती."

मुलीने आता पहिल्यांदा मान वर केली आणि हसू दाबत म्हणाली, "मग चारतंय कुणीतरी तुम्हाला."

महिपत कागदाची घडी घालत उभा राहिला. एक घडी, दुसरी, तिसरी. कागद आगपेटीएवढा झाला तेव्हा त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला. गोडसर आमसुलं. जाडं सार. एक लिटरची बाटली, जी त्याने स्वतः मागून घेतली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा; आणि कळसा तरी कसला, रोज दुपारी तोच तोंडाला लावत होता.

महाड मागे पडलं. हमरस्त्यावर ट्रक लागले. मागे बसलेल्या शकूचा एक हात त्याच्या खांद्यावर होता, हलका, काही वजनच नसल्यासारखा.

"शके," त्याने मान न वळवता हाक मारली. "सारात काय घालतेस?"

"आमसूल. जिरं. मीठ."

"आणि?"

"मिरची."

"आणि?"

खांद्यावरचा हात सैल झाला. एक कंटेनर घोंघावत निघून गेला.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"माझ्या मुतानं."

ती फस्सकन हसली. मग तो हसत नाही, हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं असावं, कारण हसू तिने अर्ध्यावर आवरलं. महिपतने मोटरसायकल रस्त्याकडेच्या आंब्याखाली घेतली, पण इंजिन बंद केलं नाही आणि मागेही बघितलं नाही. समोरच्या शेताकडे बघत, तुटक तुटक, त्याने सांगून टाकलं. दहा-बारा दिवस. गणूदादा. कडी.

"मला काय ठावं असं होतं ते," ती हळूच म्हणाली. "अहो, मला नाय कधी लाल झालं."

"सगळं ओतायचीस?"

"सगळं नाय. दोन घोट घेऊन. सुरुवातीला सगळं मीच प्यायचे. शपथ." ती थांबली. "मग त्या दिवशी तुमी आलात नि म्हणालात, वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. आठवतंय?"

त्याला आठवायला वेळ लागला. उपाशी होता त्या दिवशी, पित्त झालं होतं. घरी येऊन एक वाक्य बोलला होता आणि विसरला होता.

"तुमी बोललात नि झोपलात. मी रात्रभर जागी. पन्नास माणसं असतात तुमच्या मागं त्या घाटात. माझ्या मागं कोण हाय? एक गॅस नि एक मांजर. रगत कुणाला जास्ती लागतं, सांगा बरं." तिने मांडीवरची गोळ्यांची पिशवी सावरली. "आणि तुमी समोर नसताना एवढी फळं एकटीनं गिळायची... उतरत नव्हतं हो घशाखाली. तुमाला दिलं असतं तर घेतलं नसतंत. सारात चाललं, आंबटापुढं वास लपतो."

महिपतला ओरडायचं होतं. अठ्ठावीस वर्षं घाटाच्या वळणांवर वाजवलेल्या हॉर्नसारखं ओरडायचं होतं. राग तर आलाच होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. त्याने आरसा वळवला. आरशात तिची हनुवटी आणि पदर दिसत होता.

"आत्ता माझ्या मागं कोण बसलंय?" त्याने विचारलं.

त्याने गिअर टाकला. खांद्यावरचा हात तिने पुन्हा नीट ठेवला आणि पोलादपूरला, घरी पोचेपर्यंत, काढला नाही.

रात्री आम्रपालीचा फोन आला. आठ पाच, महिपतने सांगितलं, थोडं वाढलंय. बाकी काही सांगितलं नाही. शकू शेजारीच भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "पंधरा दिवसांत होईल का हो?"

"तुझ्यावर हाय."

"पिते मी उद्यापासून. सगळं."

महिपतने मान हलवली. पण त्याला बायको माहीत होती. त्याने नुसती पाठ फिरवली की तिचा हात बाटलीकडे जाणार. तिला वाईट वाटेल, ती मनातून त्याची माफी मागेल, आणि ओतेल. ती शब्दाची पक्की होती, पण तिचे कायदे शब्दाहून जुने होते.

गुरुवारी सकाळी त्याने झाकण दाबून धरलं, दहा आकडे मोजले, ग्लास भरला. शकू ओट्याशी उभी होती. शेजारी बाटली तोंड उघडून बसली होती, पातेल्यात सार वाफाळत होतं.

"ठेवा तिथं. पिते. तुमी दाढी—"

महिपतने ग्लास उचलला आणि स्वतःच्या ओठांना लावला. मातीचा वास नाकात भरला. त्याने डोळे मिटून एक घोट घेतला, चांगला मोठा, आणि गिळला. मग मिशीवरचा लाल फेस मनगटाने पुसून ग्लास तिच्यापुढे धरला.

"घे. उष्टं झालं."

शकू ग्लासाकडे बघत राहिली. मग उघड्या बाटलीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तिच्या ओठांच्या कडा हलल्या, भांडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला. महिपत दाढीला गेला नाही. ती पीत होती आणि तो तिचा गळा वरखाली होताना मोजत होता, एक, दोन, तीन, सात, आठ. तळाशी राहिलेला खजूर तिने बोटाने काढून खाल्ला.

मग तिने पातेल्यातलं सार बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि पिशवी त्याच्या हाताला लावली.

दुपारी महाबळेश्वरला राजेंद्र शेजारी येऊन बसला. महिपतने बाटली तोंडाला लावली. सार पातळ होतं आणि इतकं आंबट, की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"काय दादा, सुमती कशी हाय?" राजेंद्रने विचारलं.

"बरी हाय," महिपत म्हणाला, आणि बाटली शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.